चार हजार दोनशे बारा ओळी

सांगतो, सगळं सांगतो. पण आधी एक वचन द्या. वैजू आत चहा टाकतेय. तिच्या कानावर 'एफ-नऊ' हा शब्द पडता कामा नये. तो शब्द ऐकला की ती पातेलं आपटते, आणि पातेल्यात तुमचाच चहा आहे.

तर मंडळी, मूर्खपणा दोन प्रकारचा. एक आळशी माणसाचा, जो बसल्या बसल्या होतो. दुसरा कष्टाळू माणसाचा. मी दुसऱ्या प्रकारातला! आठ महिने राबलो हो मी. रविवार नाही, सण नाही. आणि आठ महिन्यांनंतर सासऱ्यांच्या अंगणात, पंधरा-वीस माणसांदेखत, माझी अब्रू दुर्गाघाटाच्या पायऱ्या उतरून थेट गंगेला मिळाली.

मी मूळचा सांगलीचा. इथे काशीत ग्रंथालयाच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली, दुर्गाघाटावरच्या अण्णांची मुलगी वैजू मला पसंत पडली, मी तिला बऱ्यापैकी चालून गेलो, आणि बघता बघता अठरा वर्षं झाली. अण्णांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून आम्ही राहतो. म्हणजे सासुरवाडी इतकी जवळ, की तिथे कुकरची शिट्टी झाली की मला इथे भूक लागते.

अण्णा याज्ञिक. साठ वर्षं त्यांनी काशीतल्या मराठी घरांमधली कार्यं केली. मुंजी, लग्नं, वास्तुशांती, श्राद्धं. आणि ती करता करता तीन जाड वह्या लिहिल्या. आता तुम्हाला वाटेल, मंत्र लिहिले असतील. छे! मंत्र काय, छापील मिळतात. या वह्यांमध्ये होतं ते कुठेच छापलेलं नाही. गल्लीत मांडव मावत नसेल तर काय करायचं. होमाचा धूर शेजारच्या खिडकीत जाणार असेल तर त्या घरी आदल्या दिवशी काय नेऊन द्यायचं. माकडांनी नैवेद्य पळवला तर पुढे काय. नवऱ्या मुलाची आत्या नेमकी कोणत्या क्षणी रुसते, आणि त्याच्या आधी तिच्या हातात कोणतं काम द्यायचं. साठ वर्षांचा अनुभव, पाण्याने फुगलेल्या तीन वह्यांमध्ये.

मार्गशीर्षात अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. इच्छा एकच. वह्यांचं पुस्तक व्हावं, आणि त्या दिवशी ते हातात घ्यावं. डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. म्हणायचे, "नातवंडं हिंदीत बोलतात, बोलू देत. पण घरचं कार्य कसं करायचं, एवढं तरी मराठीत राहावं. आणि मला दिसतंय तोवर झालं तर फारच उत्तम."

पाडव्याला जेवताना हा विषय निघाला. वैजू म्हणाली, "चौकात टायपिंगवाला बसतो. त्याला देऊन टाकू."

झालं! श्रीखंडाची वाटी खाली ठेवून मी हसलो. कसा? जाणकार माणूस अडाण्यांच्या सभेत हसतो तसा.

"टायपिंगवाला?" मी म्हटलं. "अण्णांच्या आयुष्यभराच्या कामाला? माझ्याकडे द्या. दोन महिन्यांत करतो."

अण्णांनी तीन वह्या स्वतःच्या हाताने माझ्या हातात ठेवल्या. डोळे पाणावले होते त्यांचे. मोतीबिंदूमुळे असेल असं मला तेव्हा वाटलं.

आता मला असा आत्मविश्वास कुठून आला? तर ग्रंथालयातल्या त्रिपाठींकडून. त्यांनी मला एक एडिटर दाखवला होता. एडिटर म्हणजे ज्यात मजकूर टाइप करतात तो प्रोग्राम. पण हा साधासुधा नव्हे. त्रिपाठी म्हणाले, "गुरु, इसमें जो पसंद न आए, बदल डालो."

जे आवडत नाही ते बदला! अहो, असं वाक्य मला आयुष्यात कुणी ऐकवलं नव्हतं. घरात नाही, ऑफिसात नाही, काशीत तर नाहीच नाही. मी तिथेच घसरलो.

त्या एडिटरची एक फाइल असते. उघडल्या उघडल्या तो आधी ती फाइल वाचतो आणि त्यात सांगितलं असेल तसा वागतो. कोणतं बटण दाबलं की काय व्हावं, रंग कोणते, अक्षर केवढं, सगळं. नसलेली गोष्ट हवी असेल तर तीही त्यात लिहायची, की ती आली! मी ठरवलं, आधी अण्णांच्या वह्यांना साजेसा एडिटर तयार करू. मग टायपिंग काय, चुटकीसरशी.

पहिल्या आठवड्यात मी रंग बसवले. सामानाच्या याद्या पिवळ्या, मंत्र केशरी, आत्याच्या रुसव्याबद्दलच्या सूचना लाल. दुसऱ्या आठवड्यात संक्षेप केले. 'पूसा' एवढं टाइप केलं की हळद, कुंकू, सुपाऱ्या, विड्याची पानं, खारका, बदाम अशी अख्खी यादी आपोआप उमटणार! तिसऱ्या आठवड्यात खालच्या पट्टीवर आजची तिथी दिसायची सोय केली. मग वाटलं, तिथी आहे तर नक्षत्र का नको? नक्षत्र आलं. मग राहुकाळ आला. राहुकाळात सेव्ह करायला गेलं की एडिटर विचारायचा, 'खात्री आहे का?'

मग बटणं बदलली. सगळ्या आज्ञा डाव्या हाताच्या तीन बोटांत आणल्या, कारण उजव्या हाताने वहीचं पान उलटायचं होतं. पान अजून एकही उलटलं नव्हतं, पण हात तयार हवा ना?

एकदा वैजूने माझ्या कॉम्प्युटरवर वाण्याची यादी लिहायला घेतली. तिने 'पोहे' लिहिले. पडद्याचे दोन भाग झाले, अक्षरं उलटी धावली, आणि खाली आलं, 'आज चतुर्थी. मूषक नक्षत्र सापडले नाही.' मूषक नक्षत्र मी चाचणीसाठी घातलं होतं, काढायचं राहिलं.

"अहो, हे काय केलंत?" ती ओरडली.

"सोपं केलंय," मी म्हटलं.

अण्णा रोज संध्या आटोपली की काठी टेकत आमच्याकडे यायचे. दारातूनच विचारायचे, "जावईबापू, कितवर आलं?"

आणि इथेच सगळा घोळ आहे बघा. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्या सेटिंगच्या फाइलीतच गुंग होतो. खाली आकडा दिसत होता, तो वाचून दाखवला. "तीनशे ओळी झाल्या, अण्णा."

खोटं बोललो का? नाही! ओळी तीनशेच होत्या. फक्त त्या अण्णांच्या नव्हत्या.

अण्णांचा चेहरा असा उजळला, की खुलासा करायचा धीरच झाला नाही. आणि मग तो रोजचाच पाठ झाला. वैशाखात अकराशे. ज्येष्ठात अठराशे. अण्णा तो आकडा पदरात घेऊन घाटावर जायचे आणि सगळ्यांना वाटायचे. आषाढात भाजीवाली मला म्हणाली, "का हो दामाद बाबू, दुइ हजार होइ गयल?"

दोन महिन्यांची मुदत कधीच उलटून गेली. पण आमच्यात जावयाला कोण जाब विचारणार? अठरा वर्षांत अण्णांनी मला कधी 'अहो जावईबापू'खेरीज हाक मारलेली नाही. मुलगा असतो तर कान धरला असता. जावयापुढे लाडू धरतात.

वैजूने मात्र ओळखलं होतं काहीतरी. म्हणाली, "भाजी चिरायची म्हणून माणूस विळीला धार लावतो. तुम्ही खाणीत उतरून लोखंड खणताय."

"तुला यातलं कळत नाही," मी म्हटलं. नवऱ्याचं ठेवणीतलं उत्तर.

मग एकदा अण्णा म्हणाले, "जरा दाखवा तरी." आली का पंचाईत? त्या दिवशी वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून नवी सोय लिहिली. तीच ती. एफ-नऊ. हळू बोला! ते बटण दाबलं, की ग्रंथाचं जे एकुलतं एक पान मी टाइप केलं होतं, ते पन्नास वेळा एकाखाली एक, मोठ्या अक्षरांत, रंगीबेरंगी होऊन पडद्यावर सरकायला लागायचं. अण्णा पडद्याजवळ चेहरा न्यायचे. त्यांना अक्षर लागत नव्हतं. रंग तेवढे दिसायचे.

"वा, केशरी! मंत्र का हो?"

"मंत्र, अण्णा."

अशी मान हलवायचे, जणू नातवाचं बारसं झालं.

तुम्ही मला आता जे मनात म्हणताय ना, ते मीही स्वतःला म्हणत होतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सोडवायला एक नवी अडचण असायची, आणि त्या अडचणीत मी सुखी असायचो.

श्रावणात गंगा पायऱ्या चढून वर आली. भाद्रपदात उतरून गेली, गाळ ठेवून. माझं पान एकच. ओळी मात्र एकतीसशे.

तोवर गाडी फार पुढे गेली होती. इंदूरहून आत्या येणार, म्हणजे अण्णांची बहीण, ती तिकीट काढून मोकळी. गंगेपलीकडच्या रामनगरचे छापखानेवाले मिश्राजी, अण्णांचे जुने स्नेही, त्यांनी कागद आणून ठेवला. दसऱ्याला तर अण्णांनी माझ्या कॉम्प्युटरची षोडशोपचार पूजा केली! कीबोर्डवर हळदकुंकू, आपट्याचं पान, अक्षता. अक्षतांचा एक दाणा कंट्रोलच्या बटणाखाली अजून आहे. दाबलं की कुरकुरतो.

मिश्राजींनी फोन केला, "दामाद बाबू, जैसे-जैसे बने, भेजते जाइए. एक साथ मत दीजिएगा."

आता माझ्यासारख्या माणसाने काय करावं? रोज हाताने ईमेल पाठवावी? शोभतं का ते? त्या एडिटरमध्ये 'हुक' म्हणून एक प्रकार असतो. अमुक घडलं की तमुक आपोआप व्हावं, असा आकडा अडकवून ठेवायचा. आरतीत शेवटचं 'मोरया' झालं की सगळ्यांचे हात आपोआप प्रसादाकडे जातात ना, तसं. मी हुक लावला. फाइल सेव्ह केली, की ती आपोआप मिश्राजींच्या ईमेलवर जाणार. ग्रंथाचं ते एक पान सेव्ह करून पाहिलं. मिश्राजींचा फोन, "मिल गया!" मी खूश.

फक्त एक सांगायचं राहिलं. ग्रंथाची फाइल सेव्ह केली तरच पाठव, असं सांगायला हवं होतं. मी सांगितलं होतं, फाइल सेव्ह केली की पाठव. आणि मी दिवसभर कोणती फाइल सेव्ह करत बसायचो?

आलं ना लक्षात? तुमच्या आलं. माझ्या नाही आलं!

अण्णा एकदा म्हणाले, "मिश्राजी थक्क झालेत. म्हणे दामाद बाबू दिवसातून चाळीस-चाळीस वेळा पाठवतात." मला वाटलं, तेच एक पान पुन्हा पुन्हा जात असेल, आणि मिश्राजी न उघडताच कौतुक करत असतील. देवाचे आभार मानले आणि राहुकाळाच्या सूचनेला नवा रंग दिला.

कार्तिकात अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाचायला सक्त मनाई. आणि त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, वैजूच्या चुलतभावाचा फोन, "अहो, लवकर या! मिश्राजी प्रूफ घेऊन आलेत. अण्णांनी वाचन ठेवलंय."

मी निघालो. निवांत होतो हो! म्हटलं, एक पान आहे, वाचून होईल, मग 'बाकीचं येतंय' म्हणून सांगू. वाटेत मिठाईवाल्याकडून लवंगलता घेतल्या. रिकाम्या हाताने कसं जायचं?

अंगणात सतरंजी. अण्णा लोडाला टेकून, पट्टी बांधलेली, अंगावर ठेवणीतली शाल. बाजूला ऑपरेशनसाठी आधीच येऊन राहिलेली इंदूरची आत्या, भजनी मंडळाच्या सात-आठ बायका, शेजारपाजार. मधोमध चौरंगावर प्रूफ.

ते एक पान नव्हतं. तो वीतभर गठ्ठा होता.

मी दुरूनच पहिलं पान पाहिलं. कंस दिसले. मंडळी, माझ्या सेटिंगच्या फाइलीतले ते कंस मी झोपेतही ओळखतो. माझ्या हातातला लवंगलतांचा पुडा सतरंजीवर पडला.

मिश्राजी उठून माझे पाय धरायला आले. "धन्य हैं आप! मराठी तो हम नहीं समझते, लेकिन क्या ग्रंथ है! ऊपर अंग्रेज़ी, नीचे देवनागरी, बीच में कोष्ठक ही कोष्ठक. एकदम गूढ़!"

"इंग्रजीसुद्धा घातलंत?" अण्णा भारावून म्हणाले. "परदेशी लोकांसाठी? मला बोलला नाहीत ते!"

"अण्णा," मी म्हटलं, "हे प्रूफ जरा... कच्चं आहे. मी आधी घरी नेऊन..."

"कच्चं असू दे. शास्त्रीबुवा आहेत ना."

शास्त्रीबुवा म्हणजे शेजारचे वेदपाठी. आवाज असा, की इथे म्हणायला लागले तर रामनगरला ऐकू जावं. आणि शिस्त त्याहून कडक. लहानपणी गुरूंनी शिकवलेलं, समोर आहे ते सगळं म्हणायचं, मध्ये थांबायचं नाही, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. त्यांनी चष्मा लावला. पानं चाळली.

"अण्णा, मूळ इंग्रजीत आहे. ते आपल्याला नाही यायचं. पण मध्ये मध्ये मराठी भाष्य आहे."

"मग मूळ राहू दे," अण्णा म्हणाले. "भाष्य वाचा."

आता ते भाष्य म्हणजे काय, ते सांगतो आणि मग तुम्ही मला पाणी द्या. त्या फाइलीत ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम घातला, की यंत्र ती ओळ वाचत नाही, सोडून देतं. तिथे माणसाने स्वतःसाठी टिपणं लिहायची. आठ महिने मी ती मराठीत लिहिली होती. मनमोकळेपणाने! कारण यंत्र ती वाचत नाही, आणि दुसरं कोण वाचणार?

शास्त्रीबुवांनी हात जोडले. "श्रीगणेशाय नमः."

ते मीच लिहिलं होतं. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले, माझं कारण वेगळं होतं.

"हे का चालतं ते मला माहीत नाही. चालतंय. कोणी हात लावू नये."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "वा! किती खरं! आमचे गुरुजी हेच सांगायचे. जावईबापू, हे माझ्या वहीत नव्हतं, तुम्ही घातलंत!"

"याची गरज नाही. पण असू दे. काढलं तर सगळं बिघडतं."

"दर्भाबद्दल असणार," आत्या म्हणाली. भजनी मंडळाने माना डोलावल्या.

"हा भाग एका अमेरिकन माणसाकडून जसाच्या तसा उचलला आहे. अर्थ कळला नाही."

इथे जरा चुळबुळ झाली. अण्णांनीच सावरून घेतलं. "मोठेपणा बघा! माणूस कबूल करतोय. आपण पिढ्यान्‌पिढ्या उचलतो, कबूल कोण करतं?"

खरं सांगू? त्या क्षणी मला वाटलं, निभावतंय. शास्त्रीबुवांना इथेच खोकला आला, वीज गेली, माकडं आली, काहीही झालं तर मी तत्त्वज्ञ म्हणून घरी जाईन. काशीत रोज कितीतरी जण जातात.

माकडं आली नाहीत.

"वैजू विचारेल. तिला सांगायचं, ऑफिसचं काम आहे."

स्वयंपाकघरातली फोडणी थांबली. सकाळपासून माहेरी आलेली वैजू झारा घेऊन दारात आली.

"ज्येष्ठ. ग्रंथाची पाने एक. पुढच्या महिन्यात नक्की सुरुवात."

"शास्त्रीबुवा," मी ओरडलो, "पुरे!"

पण मध्ये थांबणं त्यांच्या शिस्तीत नव्हतं. पान उलटलं.

"श्रावण. ग्रंथाची पाने एक. गणपतीनंतर नक्की."

"एफ-नऊ. अण्णा आले की हे दाबायचं. त्यांना वाचता येत नाही, रंग दिसतात."

मिश्राजींना मराठी कळत नव्हतं. एवढ्या अंगणात हसरा चेहरा फक्त त्यांचा होता.

शास्त्रीबुवा थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मध्येच थांबले ते. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले.

अण्णांनी पट्टीवरून हात फिरवला. म्हणाले, "रंग दिसतात, हे खरंय." आणि मग हळूच, "कोणतं पान झालंय, जावईबापू?"

"मुखपृष्ठ," मी म्हटलं.

ओरडले असते तर बरं झालं असतं. काठी उगारली असती तरी चाललं असतं. अण्णा फक्त म्हणाले, "वैजू, जावईबापूंना चहा दे." मला खरोखर लाज वाटली. हसू नका, इथे हसायचं नाही. आठ महिने तो म्हातारा माणूस रोज काठी टेकत माझ्या दारात आला होता, आणि मी त्याला रंग दाखवत होतो.

समारंभ एक महिन्यावर. वैजूने झारा खाली ठेवला. पदर खोचला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"अण्णा, वह्या तुम्हाला पाठ आहेत की नाही?"

"माझ्याच आहेत. पाठ नसायला काय झालं?"

"मग बोला." तिने कमरेचा मोबाइल काढला, एक बटण दाबून अण्णांच्या तोंडासमोर धरला.

अण्णा बोलायला लागले, आणि मोबाइलवर अक्षरं उमटायला लागली. मराठीत! मी वाकून बघितलं. ना रंग, ना तिथी, ना राहुकाळ. ज्या गोष्टीसाठी मी आठ महिने डाव्या हाताची तीन बोटं तयार करत होतो, ती गोष्ट त्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होती. अण्णा 'समिधा' म्हणाले की फोन 'समोसा' लिहायचा, नाही असं नाही. वैजू तिथल्या तिथे सुधारायची.

रोज दुपारी जेवण झालं की अण्णा बोलायचे, वैजू तपासायची, अडलं की वही उघडून बघायची. तेविसाव्या दिवशी तिन्ही वह्या संपल्या. मला काम नव्हतं असं समजू नका. माकडं हाकलणे आणि फोन चार्जिंगला लावणे, ही दोन्ही खाती माझ्याकडे होती.

मिश्राजींनी शब्द पाळला. समारंभाच्या आदल्या सकाळी रामनगरहून पुलावरून रिक्षाने पुस्तकांचे गठ्ठे आले. अण्णांची पट्टी निघाली होती, नवा चष्मा आला होता. पहिली प्रत त्यांनी उघडली, नाकाशी धरली, मग लांब धरली. आत्याच्या रुसव्याचं पान काढून स्वतः मोठ्याने वाचलं. इंदूरची आत्या तिथेच रुसली. पुस्तक अचूक होतं!

समारंभाच्या दिवशी सगळं घाटावरचं मराठी मंडळ जमलं. ओवाळणं झालं, आशीर्वाद झाले. मग शास्त्रीबुवांनी पुस्तक हातात घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. ऋणनिर्देश. अण्णांनी तो वैजूला गुपचूप सांगितलेला. मला चार्जरकडे पाठवलं होतं तेव्हाच!

शास्त्रीबुवांनी आवाज लावला.

"या ग्रंथाच्या कामी आमचे जामात यांनी आठ मास अखंड परिश्रम करून चार हजार ओळी लिहिल्या. त्यांपैकी एकही ओळ या ग्रंथात आलेली नाही. ग्रंथ वेळेवर झाला, तो या कारणाने."

काय हशा पिकला म्हणून सांगू! भजनी मंडळ एकमेकींच्या अंगावर पडत होतं. मिश्राजींना कुणीतरी हिंदीत सांगितलं, मग ते एकटे वेगळे हसले. वैजू हसत होती, आणि कार्तिकानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसत होती.

आता शहाण्या माणसाने काय करावं? मान खाली घालावी, पेढा घ्यावा, बसून राहावं. बरोबर? मी उठलो.

"अण्णा," मी म्हटलं, "एक बारीकशी दुरुस्ती. चार हजार नाही. चार हजार दोनशे बारा."

सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णांनी चष्मा वर सरकवला, मला नीट न्याहाळलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना स्पष्ट दिसत होतो. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून ते वैजूकडे वळले, आणि शास्त्रीबुवांच्याच चालीत म्हणाले,

"याची गरज नाही. पण असू दे."